नगररचना पुरस्कारासाठी प्रवेशिका कशी तयार करावी: हद्दीच्या नकाशापासून स्थळभेटीपर्यंत

ठाणे आणि नवी मुंबईत नगररचनेची चांगली कामं होतात, पण पुरस्कारासाठी गेलेल्या प्रवेशिकांमध्ये ती दिसत नाहीत. पहिल्या पानावर ड्रोनने काढलेला फोटो, दुसऱ्या पानावर पदाधिकाऱ्यांचा शुभसंदेश, मग निविदेची रक्कम आणि त्यामागे प्रकल्प अहवालातून जशीच्या तशी उचललेली पानं. परीक्षकाला यातलं काहीच नको असतं. त्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: आधी काय अडत होतं, तुम्ही नियोजनाचा नेमका कोणता निर्णय घेतला आणि त्या निर्णयामुळे कुणाचं काय बदललं.

हा लेख महापालिकेतल्या अभियंत्यांसाठी, नगररचना विभागासाठी, छोट्या वास्तुरचना कार्यालयांसाठी आणि आपल्या प्रभागातलं एखादं काम पुढे यावं असं मनापासून वाटणाऱ्या नागरिक गटांसाठी आहे. हुडको या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण वित्तसंस्थेचे पुरस्कार असोत, इसोकार्पसारख्या नगररचनाकारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे असोत की राज्य पातळीवरचे, प्रत्येकाचं नियमपत्रक वेगळं असतं. ज्या वर्षी पाठवायचं त्या वर्षीचंच वाचा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. पुढची तयारी मात्र सगळीकडे साधारण सारखीच लागते, आणि तिचा क्रम महत्त्वाचा आहे. लोक लेखनापासून सुरुवात करतात. लेखन सहाव्या टप्प्यावर येतं.

१. हद्द आणि यंत्रणा आधी नक्की करा

प्रकल्प नक्की कुणाच्या हद्दीत येतो, हे कागदावर मांडा. चूक इथेच सर्वात जास्त होते. खारघर, कामोठे, कळंबोली यांना बोलताना आपण नवी मुंबई म्हणतो, पण ते भाग नवी मुंबई महापालिकेत नाहीत. ते पनवेल महापालिकेत आहेत, ही महापालिका २०१६ साली झाली, आणि जिल्हा रायगड आहे. नवी मुंबई महापालिकेची हद्द मुख्यतः दिघ्यापासून बेलापूरपर्यंत, ठाणे जिल्ह्यात. त्यातही टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्याचं नियोजन एमआयडीसीकडे. उलवे, द्रोणागिरी हे सिडकोचे, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचे, नोड (नियोजित उपनगरं). पनवेलच्या आसपासच्या नैना क्षेत्रात (नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात) सिडको विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून काम करते.

ठाण्यात गुंता वेगळा आहे. स्टेशन परिसरातल्या एकाच कामात महापालिका, रेल्वे आणि वाहतूक पोलीस असे तिघे असू शकतात. रस्ता एकाचा, फलाटाचा जिना दुसऱ्याचा आणि सिग्नल तिसऱ्याचा.

एक साधा तक्ता करा. डाव्या रकान्यात जमीन कुणाची, नियोजन कुणाचं, पैसा कुणाचा, बांधकाम कुणाचं आणि आज देखभाल कुणाची हे पाच प्रश्न लिहा. उजवीकडे उत्तरं. सिडकोने उभारलेल्या बऱ्याच सुविधा नंतर महापालिकेकडे हस्तांतरित झाल्या आहेत. तुमच्या प्रकल्पाबाबत ते झालं असेल तर हस्तांतराची तारीख लिहा.

*तपासा:* तक्त्यातला एकही रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊ नका. परीक्षकाचा पहिला फोन त्याच रकान्याबद्दल येतो.

२. प्रकल्प कोणत्या टप्प्यावर आहे ते कायद्याच्या भाषेत लिहा

‘आराखडा तयार आहे’ या वाक्याचे चार अर्थ होतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे कलम २६ खाली प्रसिद्ध झालेला आराखडा हा प्रारूप असतो. त्यावर सूचना-हरकती येतात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते. कलम ३१ खाली शासनाची मंजुरी मिळाली की तो मंजूर विकास आराखडा. मंजुरीनंतर एखाद्या आरक्षणात (सार्वजनिक वापरासाठी राखलेल्या जागेत) बदल केला असेल तर तो बहुतेक वेळा कलम ३७ चा फेरबदल. यातलं तुमचं काय आहे?

कारण बहुतेक पुरस्कारांत आराखडा, अंमलात आलेलं काम आणि लोकसहभागाची प्रक्रिया यांचे विभाग वेगळे असतात. प्रारूप अवस्थेतला आराखडा ‘अंमलात आलेलं काम’ या विभागात पाठवला तर तो छाननीतच गळतो. उलटही होतं. एखाद्या प्रभागात हरकतींच्या सुनावणीसाठी लोकांनी स्वतः नकाशे वाचायला शिकून मुद्देसूद हरकती दिलेल्या असतात. ते काम प्रक्रियेच्या विभागात खरं उठून दिसलं असतं, पण पाठवणारे ते ‘सुशोभीकरण’ म्हणून पाठवतात आणि चार बाकं आणि एका कारंज्याचे फोटो जोडतात.

*सावधान:* काम अर्धं झालं असेल तर ‘पूर्णत्वाच्या मार्गावर’ असं लिहू नका. पहिला टप्पा कुठून कुठपर्यंत पूर्ण झाला आणि कधीपासून वापरात आहे, तेवढंच लिहा.

३. ‘आधी’चा पुरावा शोधा

सर्वात जास्त वेळ याला द्या. नंतरचे फोटो कुणीही काढतो. आधीची स्थिती दाखवणारा आकडा नसेल तर सुधारणा सिद्धच होत नाही.

महापालिकेत असाल तर जुन्या फायलींमधल्या टिपण्या, वाहतूक सर्वेक्षणं, पाणी तुंबण्याच्या ठिकाणांच्या वार्षिक याद्या काढा. बाहेरचे असाल तर माहितीचा अधिकार वापरा: अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो, म्हणून तीन गोष्टी हव्या असतील तर तीन अर्ज करा. मुदतीआधी निदान तीन-चार महिने ही सुरुवात व्हायला हवी. जनगणनेची लोकसंख्या वापरत असाल तर ती २०११ ची आहे हे त्याच ओळीत लिहा.

कामाच्या प्रकारानुसार पुरावा बदलतो. आपल्याकडे वारंवार येणारे तीन प्रकार घेतो.

*स्टेशन परिसर.* ठाणे पश्चिमेचा सॅटिस पूल सगळ्यांना माहीत आहे: बस वर, रिक्षा आणि बाकी वाहनं खाली. अशा कामाचं यश पुलाच्या लांबीत नसतं. फलाटावरून उतरलेल्या माणसाला बसपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, वाटेत किती वेळा वाहनांमधून जावं लागतं, जिना न चढू शकणाऱ्या आजींचं काय होतं, यावर ते ठरतं. मोजणी करायची तर ठरलेल्या जागी उभं राहून, सकाळी आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळेत, पंधरा-पंधरा मिनिटांचे भाग पाडून करा. आधीची मोजणी जूनच्या सोमवारी झाली असेल तर नंतरचीही शाळा सुरू असतानाच्या सोमवारीच हवी. मे महिन्याच्या सुट्टीतली किंवा गणपतीच्या दिवसांतली मोजणी शेजारी ठेवून ‘गर्दी कमी झाली’ म्हणणं हा दावा परीक्षक एका नजरेत खोडतो.

*पाण्याचा निचरा.* नवी मुंबईचे खाडीलगतचे सेक्टर भराव टाकून झालेले, सखल. तिथे पावसाळी नाले थेट खाडीत न जाता धारण तलावात जातात. भरती आली की तलावाची झडपदारं बंद होतात आणि पाणी तलावात साठतं. ओहोटीला दारं उघडतात आणि ते बाहेर जातं. ही यंत्रणा कळली की पुरावा कसा मांडायचा तेही कळतं. ‘गेल्या पावसाळ्यात पाणी तुंबलं नाही’ या वाक्याला काही अर्थ नाही, कारण कदाचित जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आलीच नसेल. तक्त्यात चार गोष्टी शेजारी शेजारी हव्यात: तारीख, त्या काही तासांतला पाऊस मिलिमीटरमध्ये, भरतीची वेळ आणि उंची, आणि ठरलेल्या चौकात पाणी किती चढलं. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आलेले कामाआधीचे आणि कामानंतरचे दिवस शोधा. असे दोन-दोन दिवस मिळाले तरी पुरतात. नंतरचा असा दिवस अजून आलाच नसेल तर प्रवेशिका एक वर्ष थांबवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच प्रकारात एक कागद हमखास विसरला जातो. बऱ्याच धारण तलावांत कांदळवन वाढलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा राखायचा असतो आणि सार्वजनिक हिताच्या कामासाठी कांदळवन तोडायचं तरी न्यायालयाची परवानगी लागते. गाळ काढला असेल तर परवानगी कुणाची, कधीची, आणि कांदळवनाला हात लागला की नाही, हे स्पष्ट लिहा. पलीकडे ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून ते रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. बाहेरचा परीक्षक हा प्रश्न विचारणारच.

*वसाहत आणि घरं.* इथे लोक पूर्ण झालेल्या घरांची संख्या देतात आणि थांबतात. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजकडे बघा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात तिथे सात-सात घरांचे पुंजके एका लहान चौकाभोवती मांडले आणि तसे तीन पुंजके मिळून २१ घरांचा मोठा चौक केला. घरं वाढवता येतील अशी कल्पना होती. आज तिथली कितीतरी मूळ घरं पाडून लोकांनी वेगळी, उंच घरं बांधली आहेत. काहींना ते अपयश वाटतं. मला वाटतं, नियोजनाची परीक्षा तिथेच होते: घरं बदलली, पण चौक कुठे टिकले आणि कुठे गाड्यांनी भरले, हे बघायचं. तुमच्या वसाहतीबद्दलही लोक राहायला आल्यानंतरच्या पाच-दहा वर्षांत काय बदललं ते लिहा. रहिवाशांनी केलेले फेरफार लपवू नका, त्यांचा नकाशा काढा.

*तपासा:* प्रत्येक आकड्यापुढे कुणी मोजलं, कधी आणि कुठे मोजलं हे तीन शब्दांत लिहिता येतं का? येत नसेल तो आकडा काढून टाका.

४. ज्यांचं काही गेलं त्यांना भेटा

हा टप्पा लोक गाळतात आणि तिथेच प्रवेशिका पोकळ होते. नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनीवर उभी आहे. साडेबारा टक्क्यांची योजना (संपादित जमिनीच्या बदल्यात मूळ मालकांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची), गावठाण विस्तार आणि गरजेपोटी बांधलेली घरं हे तिथले जिवंत प्रश्न आहेत. ठाण्यात चेंदणी कोळीवाड्यासारख्या जुन्या वस्त्यांच्या अंगणापर्यंत शहराची कामं पोहोचली आहेत. समूह विकास योजनेचं, म्हणजे जुन्या इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासाचं, काम असेल तर भाडेकरू, पोटभाडेकरू आणि तळमजल्यावरचे दुकानदार या तिघांचं म्हणणं तीन दिशांना जातं.

काय करायचं? प्रकल्पामुळे जागा, धंदा, वाट किंवा मासेमारीचा रस्ता बदललेल्या लोकांची यादी करा. रिक्षा स्टँड हलवला असेल तर रिक्षावाले, फेरीवाले उठवले असतील तर फेरीवाले, खाडीकिनारी भिंत बांधली असेल तर होडी लावणारे. त्यांना त्यांच्या वेळेत भेटा. कोळी बांधवांना भरतीच्या वेळी बैठकीला बोलावू नका, फेरीवाल्यांना संध्याकाळी सात वाजता नको. एकच प्रश्न सगळ्यांना विचारा: कामाआधी तुमचा दिवस कसा जायचा आणि आता कसा जातो? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा, वाचून दाखवा, मग नाव वापरायची परवानगी मागा.

नाराजीही प्रवेशिकेत द्या. ‘पुनर्वसन झालेल्या विक्रेत्यांपैकी काहींचं उत्पन्न घटलं, त्यावर अमुक उपाय सुरू आहे’ असं वाक्य असलेली प्रवेशिका परीक्षकाला विश्वासाची वाटते. सगळे खूश आहेत असं कुठल्याच शहरात कुठल्याच कामाबद्दल होत नाही, आणि परीक्षक स्वतः नियोजनाच्या कामातूनच आलेले असतात.

*सावधान:* आमदार, नगरसेवक किंवा आयुक्तांचं शिफारसपत्र हा लोकसहभागाचा पुरावा नव्हे. सभेच्या हजेरीपत्रकाची प्रत, आलेल्या हरकतींचं वर्गीकरण आणि त्यातली कोणती हरकत मान्य होऊन नकाशात कुठे बदल झाला, हा पुरावा.

५. श्रेयाची यादी सही घेऊन पक्की करा

पहिल्या टप्प्यातला तक्ता इथे कामी येतो. सल्लागार कंपनी, महापालिकेचा विभाग, सर्वेक्षण करणारे महाविद्यालयाचे विद्यार्थी, आराखडा करणारा कनिष्ठ नगररचनाकार, सगळ्यांची नावं त्यांच्या कामासह लिहा. बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याचं नाव हमखास गळतं, तेच काम त्याच्या काळात सुरू झालेलं असतं तरीही. मालक यंत्रणेकडून प्रवेशिका पाठवायला लेखी संमती घ्या. ही संमती शेवटच्या आठवड्यात मिळत नाही, कारण फाईल तीन टेबलांवरून जाते.

६. आता लिहा, आणि सारांश सर्वात आधी लिहा

परीक्षक मंडळ पहिल्या फेरीत बहुतेक वेळा सारांशच वाचतं. शब्दमर्यादा काहीही असो, त्यात चार परिच्छेद बसवा: अडचण, निर्णय, बदल, आणि इतर शहराने यातून काय उचलावं. दुसरा परिच्छेद सर्वात कठीण, आणि तोच लोक खर्चाच्या आकड्यांनी भरतात.

‘परिसराचा सर्वांगीण विकास करण्यात आला’ हे वाक्य कुठल्याही कामाला चालतं, म्हणून ते टाळा. त्याऐवजी असं लिहा: ‘रिक्षांची रांग स्टेशनच्या दारासमोर होती. ती बाजूच्या गल्लीत नेली आणि दारासमोरची जागा चालणाऱ्यांना दिली. त्यासाठी गल्लीतलं वाहनतळाचं आरक्षण फेरबदलाने बदलावं लागलं.’ यात निर्णय दिसतो, त्याची किंमत दिसते, आणि नगररचनाकाराने काय केलं ते दिसतं. याच कसोटीवर स्वतःचा प्रत्येक परिच्छेद घासून बघा.

काही शब्द वगळा: ‘देशातील पहिला’, ‘जागतिक दर्जाचा’, ‘स्मार्ट’. देशातला पहिला असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते आणि ती निभावता येत नाही. स्वच्छ सर्वेक्षणातला शहराचा क्रमांकही तुमच्या प्रकल्पाचा पुरावा म्हणून वापरू नका. तो शहराचा आहे.

देखभालीवर एक पूर्ण परिच्छेद हवा. वार्षिक खर्च किती, कुठल्या लेखाशीर्षातून, झडपदार बिघडलं तर किती दिवसांत दुरुस्त होतं, झाडं मेली तर कोण बदलतं. उद्घाटनानंतर दोन पावसाळ्यांत विस्कटलेली कामं परीक्षकांनी भरपूर पाहिलेली असतात.

*तपासा:* सारांशातून प्रकल्पाचं नाव आणि गाव झाकून मित्राला वाचायला द्या. काम नक्की काय झालं ते त्याला सांगता आलं पाहिजे.

७. नकाशे आणि फोटो

नकाशे चार पुरतात: शहरात जागा कुठे आहे तो, आधीचा जमीन वापर, नंतरचा जमीन वापर आणि टप्प्यांचा. चारही एकाच मापाचे, एकाच दिशेने ठेवलेले, उत्तर दिशा आणि मोजपट्टी दाखवलेले. आधीच्या आणि नंतरच्या नकाशात रंगांचा अर्थ बदलू नका. ही चूक मोठ्या सल्लागारांनी प्रवेशिकेसोबत मांडलेल्या फलकांवरही दिसते. फलक छापायच्या आधी ए-३ वर छापून भिंतीला लावा आणि दोन मीटरवरून वाचून बघा.

फोटो माणसांसकट काढा. रिकाम्या रस्त्याचा पहाटेचा फोटो सुंदर दिसतो, पण वापर दाखवत नाही. आधीचा फोटो जिथून काढला तिथूनच, त्याच वेळी, नंतरचा काढा. निदान एक फोटो पावसातला हवा. ड्रोन वापरायचा असेल तर नवी मुंबईत विमानतळाच्या आसपासची बंदी आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर पाहा. परवानगीशिवाय काढलेला फोटो जोडणं म्हणजे यंत्रणेला अडचणीत आणणं. मुलांचे चेहरे स्पष्ट दिसत असतील तर पालकांची संमती घ्या.

८. जमा करण्यापूर्वीचा आठवडा

सगळं साहित्य जमा करायच्या सात दिवस आधी तयार हवं. या आठवड्यात तीन वाचक गाठा: एक नगररचनाकार, ज्याने हे काम पाहिलेलं नाही, एक त्या सेक्टरमध्ये राहणारा, आणि एक ज्याला फक्त आकडे तपासायला सांगितलं आहे. तिसरा वाचक सर्वात उपयोगी. सारांशातला आकडा, फलकावरचा आकडा आणि जोडपत्रातला आकडा हे तीन वेगळे निघणं फार सर्रास आहे: कुठे हेक्टर, कुठे चौरस मीटर, कुठे एकर.

फाईलचं नाव, आकार आणि प्रकार नियमपत्रकात सांगितल्याप्रमाणेच ठेवा. मराठीतली परवानगीपत्रं जोडत असाल आणि प्रवेशिका दुसऱ्या भाषेत असेल, तर प्रत्येक पत्राचा दोन ओळींचा गोषवारा त्या भाषेत वर लिहा.

९. स्थळभेट

काही पुरस्कारांत निवडक कामांवर तज्ज्ञ प्रत्यक्ष येऊन पाहणी करतात. आगाखान वास्तुरचना पुरस्कारात तर ती पद्धतच आहे. पत्र आलं की सगळीकडे रंगरंगोटी सुरू होते. ती करू नका. तज्ज्ञाला रोजचा दिवस बघायचा असतो, आणि ओला रंग त्याला लगेच कळतो.

भेटीचा मार्ग आधी चालून बघा. गर्दीच्या वेळेचा निदान अर्धा तास त्यात ठेवा. धारण तलाव असेल तर भरतीच्या वेळापत्रकावरून वेळ ठरवा, म्हणजे दार बंद असतानाची आणि उघडल्यानंतरची अशा दोन्ही स्थिती दिसतील. देखभाल करणारा कर्मचारी हजर हवा आणि त्याला मोकळेपणी बोलू द्या. चौथ्या टप्प्यात भेटलेल्यांपैकी दोघांना बोलवा, त्यातला एक नाराज असलेला. तज्ज्ञाला त्यांच्याशी तुमच्याशिवाय बोलायचं असेल तर तुम्ही बाजूला व्हा.

मूळ कागदांची एक फाईल सोबत ठेवा: हद्दीचा तक्ता, परवानग्या, मोजणीचे कच्चे कागद, हरकतींची यादी. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हातात नसेल तर तसं सांगा, प्रश्न वहीत टिपून घ्या, आणि कागद मिळाला की चार दिवसांच्या आत पुरस्काराच्या कार्यालयाकडे पाठवा. थेट परीक्षकाला फोन करू नका, त्यावरून प्रवेशिका बाद होऊ शकते. निकाल काहीही लागला तरी प्रवेशिकेची एक प्रत प्रभाग समितीच्या कार्यालयात आणि एक ज्यांनी माहिती दिली त्या रहिवाशांकडे द्या. पुढच्या कामाच्या वेळी ‘आधी’चा पुरावा शोधणाऱ्याला तीच लागेल.